चार्जरचा लाल दिवा आणि वायरचा तो तुकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यात चिऱ्यांचं जुनं घर. अंगणापलीकडे, घरापासून साधारण पंचवीस मीटरवर पत्र्याची शेड, आणि नवी इलेक्ट्रिक कार तिथे उभी असते. वायरमनने विहिरीच्या पंपाच्या लाईनवरून 16 अँपिअरचं सॉकेट काढून दिलं. गाडीबरोबर आलेला चार्जर लावला तर लाल दिवा: अर्थिंग नाही, म्हणजे जमिनीशी जोड नाही. वायरमनने सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये बोटभर वायरचा तुकडा जोडला. दिवा हिरवा झाला, गाडी चार्ज होऊ लागली. आठ दिवसांनी पावसात अनवाणी उभं राहून डिकी उघडताना तुमच्या मिसेसच्या हाताला झिणझिण्या आल्या. हे चालेल का, आणि पुढे 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

चालणार नाही. पुढचं नंतर वाचा, आधी त्या लाईनचा स्विच पाडा आणि वायरमनला बोलावून तो तुकडा काढून घ्या. तोवर गाडी त्या सॉकेटला लावू नका. दोन दिवस पणजीला किंवा म्हापशाला सार्वजनिक चार्जरवर नेलीत तरी बिघडत नाही.

फोंडा, डिचोली आणि सत्तरीत मी पंचवीसेक वर्षं लायसन्सवर वायरिंगची कामं करतो. गेल्या चार-पाच वर्षांत गाडीच्या चार्जिंगसाठी जेवढी बोलावणी आली, त्यातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी चार्जरची तक्रार होती आणि दोष घराचा होता. तीस वर्षं फ्रीज चालला, पंप चालला, मिक्सर चालला, कुणी अर्थिंगबद्दल ब्र काढला नाही, कारण ही यंत्रं अर्थ आहे की नाही ते तपासतच नाहीत. गाडीचा चार्जर तपासतो. म्हणून घरातला जुना आजार त्याच्या दिव्यात दिसतो, आणि आपण दिव्यावरच राग काढतो.

तो तुकडा नेमकं काय करतो ते सांगतो. चार्जरची अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. तुकडा घातला की गाडीचा पत्रा न्यूट्रलला जोडला जातो. न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट, असं आपण शाळेत शिकलो. ते ट्रान्सफॉर्मरपाशी खरं असतं. तुमच्या शेडपर्यंत येईतो त्याच न्यूट्रलमधून गाडीचे चौदा-पंधरा अँपिअर परत जात असतात, आणि वायरला रेझिस्टन्स असतो. पंपाची 2.5 स्क्वेअर एमएमची वायर पंचवीस मीटर धरली तर एकट्या तिच्या न्यूट्रलवर जवळपास तीन व्होल्ट पडतात. त्यात खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचे, आणि गावाच्या टोकाला असाल तर लाईनवरच्या असमान लोडचे आणखी काही. ओल्या जमिनीवर अनवाणी पाय, ओला हात, आणि मध्ये एवढे व्होल्ट. झिणझिण्या आल्या त्या याच्याच असाव्यात. खरं तर नशिबानेच नुसत्या झिणझिण्यांवर भागलं.

कारण खरा धोका वेगळा आहे. पावसाळ्यात माडाचं चुडत सर्व्हिस वायरवर पडतं आणि न्यूट्रल तुटते. हे आपल्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे होतंच. न्यूट्रल तुटली की दिवे जातात आणि घरातल्यांना वाटतं वीज गेली. पण फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, शाबूत असते. ती फ्रीजमधून, पंख्यामधून घरातल्या न्यूट्रलवर येते, तिथून तुमच्या त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. विजेला जमिनीत उतरायला वाट हवी असते आणि ती वाट होतो तो माणूस, जो ‘वीज गेली वाटतं, गाडी तरी काढू’ म्हणून दाराला हात लावतो. जवळपास पूर्ण 230 व्होल्ट. दुसरी शक्यता याहून साधी आहे. वादळानंतर खांबावर सर्व्हिस वायर पुन्हा जोडताना घाईत फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर काहीही न तुटता गाडी थेट फेजवर येईल आणि घरातले दिवे मात्र नेहमीसारखे लागतील. कळायचंसुद्धा नाही.

तुमच्या वायरमनला मी मूर्ख म्हणणार नाही. पूर्वी कॉम्प्युटरचा यूपीएस कुरकुरला की हीच युक्ती करत आणि ती खपून जाई. यूपीएस टेबलावर असतो. गाडी अंगणात, पावसात, अनवाणी माणसांच्या वाटेवर असते.

आता अर्थिंग. तुमच्यासारख्या घरांत ते कुठे असतं ते मला न बघता सांगता येईल: मीटरच्या खाली, पडवीच्या कोपऱ्यात, कुणीतरी कधीतरी पुरलेला पाईप. गेल्या उन्हाळ्यात सत्तरीत एका घरी गेलो होतो, तिथेही हीच तक्रार. भिंतीवरून उतरणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) वायर वरून छान दिसत होती. मातीत जिथे शिरत होती तिथे बोटाने हलवली, तर लाल भुसा होऊन हातात आली. खाली पाईप होता, पण पाईपला काहीच जोडलेलं नव्हतं. मालक म्हणाले, ‘दर वर्षी मीठ-पाणी घालतो की आम्ही.’ मिठानेच खाल्ली होती ती.

आपली जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि मार्चपासून ठणठणीत कोरडा पडतो. कोरडा जांभा विजेला फारशी वाट देत नाही. एकाच पिटचं, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचं, रीडिंग ऑगस्टमध्ये सहा ओहम आणि मेमध्ये चाळीसच्या वर, असं मी स्वतः घेतलेलं आहे. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी करायची ती मे महिन्यात. पावसात काम करून घेतलंत तर मेमध्ये पुन्हा एकदा मोजायला लावा, आणि मोजणी म्हणजे टेस्टरचे दोन खिळे जमिनीत ठोकून घेतलेली. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये 230 दिसले म्हणून अर्थ चांगली असं होत नाही. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या धाग्यावरूनही तो 230 दाखवतो.

पिट कुठे घ्यायचा? भिंतीपासून दीड मीटर तरी लांब, आणि जिथे बाराही महिने ओल असते तिथे. आपल्याकडे अशी जागा आयती असते: न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात जातं त्याच्या जवळ. आळ्याच्या अगदी आत नको, मुळं आणि साबणाचं पाणी दोन्ही त्रास देतात. कडेला, हातभर सोडून. अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 3043) पाईप इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायचा पाईप, अडीच मीटर लांब हवा. चिऱ्यात अडीच मीटर खणताना मजूर दीड मीटरवर थांबतात आणि उरलेला पाईप कापून टाकतात. तेव्हा तिथे उभे राहा. खरंच चिरा लागला आणि खाली जाता येईना, तर दोन-तीन इलेक्ट्रोड एकमेकांपासून पाईपच्या लांबीइतक्या अंतरावर घालून एकत्र जोडावेत. कोळसा-मिठाऐवजी बेंटोनाइट नावाची माती भरा, ते ओल धरून ठेवतं आणि लोखंड खात नाही. वरचा जोड नटबोल्टचा आणि झाकणाखाली दिसेल असा ठेवा. मातीत गाडलेला जोड कुणीही तपासत नाही.

आणि एवढं करूनही नुसती अर्थ पुरत नाही. हा हिशेब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. समजा तुमची अर्थ उत्तम आहे, 10 ओहम. गाडीच्या पत्र्यावर फेज आली. 230 भागिले 10 म्हणजे 23 अँपिअर जमिनीत जाणार. तुमचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, 16 अँपिअरचा. 23 अँपिअरवर तो लगेच पडत नाही, तासभरसुद्धा तग धरू शकतो. तोवर पत्रा जिवंतच. म्हणून माणूस वाचवण्याचं काम एमसीबीचं नाहीच, ते आरसीसीबीचं: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का हे बघणारं आणि 30 मिलिअँपिअर कमी पडले तरी पडणारं. अर्थिंगने त्याला वाट द्यायची, पाडायचं काम त्याने करायचं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, दुकानदार सांगत नाहीत. आरसीसीबीचे प्रकार असतात. घरोघरी स्वस्तात बसवलेला असतो तो एसी टाइप, नुसती एसी गळती ओळखणारा. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळतीही होऊ शकते, आणि डीसी शिरली की एसी टाइपच्या आतला गाभा आंधळा होतो. बटण दाबून बघितलंत तर पडेलही, पण गाडी लावलेली असताना ऐन वेळी पडेलच याची खात्री नाही. म्हणून गाडीसाठी कमीत कमी ए टाइप लागतो. त्याच्या अंगावर एक चिन्ह असतं: चौकोनात एक लहर आणि तिच्याखाली अर्ध्या लहरींचे उंचवटे. नुसती एकच लहर असेल तर तो एसी टाइप, दुकानात परत द्या. मोठा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, घेतलात तर त्याच्या माहितीपुस्तकात 6 मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का ते बघा. असेल तर ए टाइप पुरतो, नसेल तर बी टाइप लागतो आणि तो चांगलाच महाग असतो.

याच कारणाने गाडीची लाईन घरातल्या जुन्या आरसीसीबीच्या पुढून काढू नये. मेन स्विचनंतर, घराच्या आरसीसीबीच्या आधी, वेगळी फाटवावी. नाहीतर गाडीची डीसी गळती घरातला आरसीसीबी आंधळा करेल आणि गीझरखाली उभ्या माणसाचं संरक्षण जाईल.

पंपाच्या लाईनवरून सॉकेट काढणं हीसुद्धा चूकच. पंप अर्धा तास चालतो, गीझर वीस मिनिटं. 2 किलोवॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. गाडीचा 3.3 किलोवॅटचा चार्जर चौदाच्या वर घेतो आणि रिकामी बॅटरी पूर्ण भरायची तर सलग आठ-नऊ तास घेत राहतो, रात्रभर, सगळे झोपलेले असताना. या लांबलेल्या लोडने ढिला जोड उघडा पडतो. सॉकेटच्या पकडीत नुसता 0.1 ओहम रेझिस्टन्स आला, तर 15 अँपिअरवर तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची कावी 25 वॅटची असते. म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून एक कावी रात्रभर चालू ठेवल्यासारखं. मी काढलेल्या जळक्या सॉकेटांत वायर बहुतेक वेळा शाबूत असते, जळलेला असतो तो स्क्रू आणि त्याच्या भोवतीचं बेकलाइट.

तेव्हा मी काय करतो ते सांगतो. मीटरजवळ डीबीत (एमसीबींच्या डब्यात) वेगळा 16 अँपिअरचा, दोन पोलचा (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा), 30 मिलिअँपिअर ए टाइप आरसीबीओ. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही आले. डब्यात त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक घर रिकामं सोडतो, कारण शेजारी गरम एमसीबी चिकटून असले की आपल्या मेच्या उकाड्यात तो विनाकारण पडतो. पडला म्हणून 25 किंवा 32 चा बसवायचा नाही. सॉकेट 16 चंच असतं. तिथून शेडपर्यंत जमिनीखालून आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल, अडीच फूट खोल, खाली-वर रेती आणि त्यावर चिऱ्याचे तुकडे ओळीने, म्हणजे उद्या कुणी माडाला खत घालायला खणलं तर कुदळ आधी चिऱ्यावर बसेल. आजच्या चार्जरला तांब्याची 4 स्क्वेअर एमएम पुरते. पण चिरा दोनदा खणणं परवडत नाही, म्हणून मी 6 ची घालतो आणि शेडमध्ये एमसीबी असलेल्या छोट्या डब्यात संपवतो. पुढे मोठा चार्जर घेतलात तर तीच कामी येईल. शेडजवळही एक अर्थ इलेक्ट्रोड, आणि तो केबलमधल्या अर्थने घराच्या अर्थला जोडलेला.

सॉकेट 6/16 असं दोन्ही पिन घेणारं नको. दोन मापांच्या पिना धरणारी पकड कुठल्याच पिनेला घट्ट बसत नाही. फक्त 16 चं, नावाजलेल्या कंपनीचं, जाड पितळी पकडीचं. त्याच्या शेजारी मॉड्युलर स्विच मी बसवतच नाही. तो आणखी एक गरम होणारा जोड, आणि चालू-बंद करायला शेडच्या डब्यात एमसीबी आहेच. बारीक तारांची वायर स्क्रूखाली तशीच पिळून न घालता टोकाला पिन लग (धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, घालायची. समोरून बघताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. हे उलटं असेल तर काही चार्जर रुसतात, आणि रुसलेलेच बरे.

सार्वजनिक चार्जिंग स्टेशनसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत, 2019 च्या दुरुस्तीपासून, काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत आणि मी त्या घरीही पाळतो: प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट, सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच, गाडीचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून 5 मीटरच्या आत, आणि मध्ये एक्स्टेंशन बोर्ड किंवा अडॅप्टर अजिबात नाही. शेवटची अट लोक सर्वांत जास्त मोडतात. चवथीला पाहुणे आले, शेड भरली, गाडी बाहेर लावली आणि खिडकीतून मंडपवाल्याची एक्स्टेंशन काढली, हे मी पाहिलं आहे. गुंडाळीतली वायर इतकी तापली होती की वेटोळी एकमेकांना चिकटून एक गोळा झाला होता.

पत्र्याच्या शेडला आडवा पाऊस लागतो. डबा आणि सॉकेट झाकणाचं, धूळ-पाणी अडवणारं, निदान आयपी 55 चं, आणि केबल डब्यात खालून ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून आणायची, वरून नाही. वरून आणलेल्या केबलवरून पाणी थेट आत उतरतं. डीबीत टाइप 2 सर्ज अरेस्टर, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं यंत्र, बसवा. तरीही मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणं चांगलं. काढताना आधी गाडीतून चार्जिंग थांबवायचं, मग प्लग ओढायचा. चालू लोडवर ओढलात तर दर वेळी पकडीत ठिणगी पडून ती खराब होते. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी लावू नका, एवढंच सांगतो. तो त्यासाठी नाही.

7.2 किलोवॅटचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की तुम्हाला तो नको. रोज डिचोली ते पणजी जाऊन-येऊन साठेक किलोमीटर धरले तर गाडीला आठ-नऊ युनिट लागतील. 3.3 च्या चार्जरवर ते तीन तासांचं काम. तुमच्या चार्जरला करंट कमी करायची सोय असेल तर 10 अँपिअरवर ठेवा, चार तास लागतील आणि सॉकेटमधली उष्णता निम्म्यावर येईल. मोठा चार्जर सलग 32 अँपिअर ओढतो. त्याला वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, कदाचित थ्री-फेज घ्यावं लागेल, खांबावरून येणारी जुनी सर्व्हिस वायर आणि मीटरखालचा चिनीमातीचा कटआउट (फ्यूज) बदलावा लागेल. घरात दोन गाड्या असतील किंवा टॅक्सीचा धंदा असेल तर तो खर्च ठीक. काहीही बसवलंत तरी काम लायसन्सवाल्या कंत्राटदाराकडून करून घ्या आणि टेस्ट रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा, त्यात अर्थचं रीडिंग आणि तारीख असलीच पाहिजे.

काम झाल्यावर पहिल्या रात्री, चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि वायरमनला फोन करा. महिन्याने सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, लाईन बंद करूनच. तांबं दबतं आणि नवे स्क्रू थोडे ढिले पडतात. आरसीबीओचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं, पगाराच्या दिवशी दाबलंत तर लक्षात राहतं.

आणि सगळं नीट केल्यावरही कधीतरी पुन्हा लाल दिवा लागला, तर अर्थपिट खणायच्या आधी एक बघा. मागच्या वर्षी फोंड्याला अशाच एका घरी मी अर्धा दिवस घालवला. अर्थचं रीडिंग चांगलं, केबल चांगली, डीबी माझ्याच हातचा. शेवटी बॅटरी मारून सॉकेटमध्ये पाहिलं, तर वरच्या मोठ्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर लिंपलं होतं. मालक चार दिवस गावाला गेले होते आणि सॉकेटचं झाकण उघडं राहिलं होतं. अर्थची पिन मातीवर टेकत होती, पितळेपर्यंत पोचतच नव्हती. लाईन बंद केली, सॉकेट उतरवलं, माती कोरून काढली, पकड ब्रशने साफ केली, प्लग लावला. दिवा हिरवा.